उजवीकडे अजिबात दुखत नाही

आमच्या घरात खोटं बोलायला बंदी नव्हती. बंदी होती ती अधूनमधून खोटं बोलायला. हे वाक्य नीट वाचा, कारण आमच्या बाबांचं सगळं शहाणपण त्यात आलं, आणि त्याच शहाणपणानं आमची बारकी खाल्ली.

बाबा वीजखात्यात मीटर तपासायचे. लांबलचक लोखंडी टेबलावर बारा मीटर ओळीनं मांडलेले, प्रत्येकात एक तबकडी गरगरतेय, आणि बाबा स्टॉपवॉच घेऊन तबकडीवरची काळी खूण किती वेळा समोर येते ते मोजतायत. सुट्टीत मला ते बरोबर न्यायचे. एका मीटरवर टिचकी मारून म्हणायचे, "हा बघ. दर वेळी शंभराच्या जागी नव्वद दाखवतो. खोटा आहे, पण याचा भरवसा आहे. किती खोटा ते एकदा कळलं की झालं. आणि हा शेजारचा! सकाळी बरोबर, दुपारी चूक. याला भंगारातच घालायचा." मला ते इतकं पटायचं म्हणून सांगू! त्या शेजारच्या मीटरचा मला खरोखरचा राग यायचा.

रविवारच्या पुरवणीत बाबांचं कोडं छापून यायचं. एक गाव असतं. त्यात खरे राहतात आणि खोटे राहतात. खरे नेहमी खरंच बोलतात, खोटे नेहमी खोटंच. तिथला शिंपी म्हणतो, "मी आणि न्हावी, आम्ही दोघंही खोटे." तर कोण खरा, कोण खोटा? शिंपी खरा असता तर स्वतःला खोटा म्हणालाच नसता. म्हणजे तो खोटा. म्हणजे "दोघंही खोटे" हेही खोटं. म्हणजे न्हावी खरा. हे मी आठव्या वर्षी दूध पिता पिता सोडवलं. बाबांनी मला उचलून टेबलावर उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या. बारकी, माझी धाकटी बहीण, तेव्हा चार वर्षांची. ती खालून मान वर करून विचारत होती, "पण शिंपी असं का करतो? त्याला कुणी रागावलं का?" बाबा हसले. म्हणाले, "हिच्या डोक्यात हे शिरायचं नाही." मला काय गोड वाटलं ते ऐकून!

घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की जबाब व्हायचे. म्हणजे जेवणाचं टेबल पुसून घ्यायचं, बाबा एका बाजूला, आम्ही दोघी दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकीनं एकच वाक्य बोलायचं. एकच. रडणं नाही, "पण बाबा" नाही. बाबा दोन्ही वाक्यं कागदावर उतरवून घ्यायचे आणि सोडवायचे. मारायचे नाहीत कधी, आवाजही चढवायचे नाहीत. मला तर जबाब आवडायचे. मी शाळेतून येतानाच वाक्य जुळवत यायची, कुठूनही दाबलं तरी खरं निघेल असं. आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सकाळी साडेसहाला जायची, संध्याकाळी सातला यायची, त्यामुळे हे दरबार तिच्यामागेच भरायचे.

मी बारा वर्षांची असताना बाबांचं भिंग फुटलं. मीटरच्या आतले बारीक काटे बघायचं, पितळी कडीचं. खरं काय झालं ते मीच सांगते, आता लपवून काय मिळणार आहे? ते मी कपाटाच्या कडेवर ठेवलं होतं आणि दार धाडकन लावलं होतं. भिंग पडलं, फुटलं. जबाबात मी म्हटलं, "भिंग फुटलं तेव्हा माझ्या हातात नव्हतं." शंभर टक्के खरं. बारकी म्हणाली, "मी भिंगाला हातच लावला नाही." आणि कडीवर तिच्या जॅमच्या बोटांचे ठसे. सकाळी तिनं ते डोळ्याला लावून मुंगी बघितली होती, एवढंच. पण घाबरली आणि खोटं बोलली.

बाबांनी कागदावर रेघ ओढली. "मोठी खरी. बारकी खोटी." मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"पण ही कधी खरं बोलते, कधी खोटं," बाबा म्हणाले, "आणि असा माणूस काही कामाचा नाही. तेव्हा आजपासून बारकी खोट्यांच्या गावची. ती जे बोलेल त्याच्या उलट धरायचं. नेहमी. मग आपली काही अडचण नाही."

पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं, "दूध हवं?" ती म्हणाली, "हो." बाबांनी पेला उचलून कपाटात ठेवला. "अंडं हवं?" "हो!" अंडं मला. दुसऱ्या दिवशी ती भोकाड पसरून बसली, "मला भूक लागलीय, मला भूक लागलीय," आणि बाबा शांतपणे म्हणाले, "हिचं पोट भरलेलं दिसतंय." मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरधरून हसले. चौथ्या दिवशी ती टेबलापाशी आली, हाताची घडी घातली, आणि पडलेल्या आवाजात म्हणाली, "मला दूध नको." बाबांनी पेला भरून दिला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "शाब्बास!" त्या घरात तिला मिळालेलं ते पहिलं शाब्बास. ते मिळाल्यावर पोरगी कशाला थांबते?

महिन्याभरात तयार झाली. बूट चावतोय, तर "बूट मस्त बसलाय." थंडी वाजतेय, तर "काय उकडतंय!" बाबांच्या ऑफिसातली माणसं मुद्दाम तिला बघायला यायची. "बारके, मी जाड आहे की बारीक?" "काडीसारखे आहात काका." हशा नुसता. ती लाल होऊन बाबांच्या गुडघ्यापाशी उभी राहायची. आणि मी, टेबलावर उभी राहिलेली मी, चहाचे कप उचलत फिरायची. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा. खोटी ती, आणि कौतुकही तिचंच!

आईच्या कानावर हे गेलं तेव्हा तिनं रान उठवलं. "अहो, पोर आहे का तुमचा मीटर? लोकांच्या पोरी सरळ बोलायला शिकतात आणि तुम्ही हिला उलटं शिकवताय? बंद म्हणजे बंद!"

बाबा म्हणाले, "अगं, उद्यापासून तुझ्या कानावर यातलं काही पडणार नाही."

आई निवळली. तिला वाटलं, बंद झालं. बाबा खोटं बोलले का? नाही. त्यांनी बारकीला समोर बसवून नियम समजावला. आई घरात असली की सरळ बोलायचं. आई नसली आणि बाबा असले की उलट. ती आठ वर्षांची पोरगी, तिनं तो नियम असा पाळला की बाराच्या बारा मीटर तिच्यापुढे कान पकडतील. दारात आईच्या चपला वाजल्या की तिचं वाक्य अर्ध्यावर फिरायचं.

असं आठ महिने चाललं. मग तो गुरुवार आला.

त्या गुरुवारी माझा जीव दुसरीकडेच टांगलेला होता. मी एक कोडं रचलं होतं, तीन माणसांचं, एकही शब्द फालतू नसलेलं. बाबा म्हणाले होते की या रविवारी त्यांच्या जागी माझं कोडं जाईल, माझ्या नावानं. कागद वर्तमानपत्राच्या कचेरीत पाचच्या आत द्यायचा होता. पाचनंतर पान बंद. मी रात्रीतून तीनदा उठून कागद दप्तरात आहे ना ते चाचपलं होतं.

सकाळी बाबा दाढी करत होते. आई कामावर गेलेली. बारकी माझ्याजवळ आली, पोटावर हात, ओठ पांढरे. "ताई, माझं उजवीकडे अजिबात दुखत नाहीये." मला कळलं. लख्ख कळलं. मी म्हटलं, "मग शाळेत चल." आणि ती आली. दुपारी घरी आलो तर दप्तर न काढताच ती फरशीवर मुटकुळं करून पडली.

चारला बाबा आले. "बारके, पोट कसंय?" "मस्त आहे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाबांनी लगेच तिला उचलली. तो माणूस दगड नव्हता, एवढं मला म्हणू द्या. त्यांनी मीटर बरोबर वाचला होता. म्हणाले, "डॉक्टरांचा दवाखाना वाटेतच आहे. तिला दाखवू, मग तुझा कागद देऊ."

दवाखान्यात बाहेर चौदा माणसं खोळंबलेली. पण डॉक्टरांनी बाबांना बघितलं आणि उठून हात जोडले. "अहो कोडेवाले! या, या! गेल्या रविवारच्या कोड्यानं आम्हा नवराबायकोचं भांडण लावलंत की!" बाबा फुलले. मी त्यांना इतकं फुललेलं क्वचित पाहिलंय. मला घड्याळ दिसत होतं. चार वीस.

डॉक्टरांनी बारकीला टेबलावर आडवं केलं. पोटाच्या डाव्या बाजूला दोन बोटं दाबली. "इथं दुखतं का गं?"

तिनं बाबांकडे बघितलं. आई नव्हती. बाबा होते. "हो," ती म्हणाली.

"आणि इथं?" उजवीकडे, खाली.

तिचे पाय आपोआप पोटाशी आले. टेबलावरच्या कापडात नखं रुतवून ती म्हणाली, "नाही. नाही. अजिबात नाही."

डॉक्टर जरा थबकले. "दुखत नाही, तर पाय कशाला घेतेस वर?" आणि बाबांकडे वळले. "गुदगुल्या होतात वाटतं. घरी काही तक्रार?"

आता बाबांनी एवढंच म्हणायचं होतं, "डॉक्टर, माझी पोरगी उलटं बोलते. मी शिकवलंय." सात शब्द. पण समोर त्यांच्या कोड्यांचा चाहता बसलेला, आणि त्याला काय सांगणार, की पोटच्या पोरीला दुधासाठी दूध नको म्हणायला लावतो म्हणून? त्यांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "ती काय म्हणते ते तुम्ही ऐकलंतच." आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागले. "तू मोठी ना? सकाळपासून काय म्हणत होती ही?"

चार पस्तीस. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं तर पान गेलं. शिवाय, हेही सांगून टाकते, त्या क्षणी खोलीतली तीनही माणसं माझ्या एका वाक्यासाठी थांबली होती, आणि मला ते वाक्य आयतं सुचलं. टेबलावर उभं राहिल्यासारखं वाटलं मला. मी म्हटलं, "सकाळी ती मला म्हणाली की उजवीकडे अजिबात दुखत नाही."

अक्षरन् अक्षर खरं.

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाले. "डावीकडे आहे म्हणजे गॅस. पोट साफ होत नसेल. हे औषध द्या, मोकळं होईल." बारकी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ती विचारात पडली होती, आपलं नक्की काय चुकलं म्हणून. आपण तर नियम बरोबर पाळला.

कागद आम्ही पाचला दहा कमी असताना दिला. बारकी कचेरीच्या पायऱ्यांवर वाकून बसली होती. बाबा वाटेत एकच वाक्य बोलले. "डॉक्टर आहेत ते. त्यांना कळतं." मी हो म्हटलं. घरी आल्यावर त्यांनी तिला औषध पाजलं, मापानं, दोन चमचे.

आई सातला आली तेव्हा बारकी पलंगावर शांत पडली होती. आईनं कपाळाला हात लावला. "काय गं माझ्या सोन्या, बरं नाही?" बारकी सरळ बोलली, आईशी बोलायची तशी. "आई, खूप दुखत होतं. आता नाही दुखत." आणि ते खरं होतं. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर नंतर म्हणाले की अपेंडिक्स आत फुटतं तेव्हा थोडा वेळ दुखणं थांबतं. आईनं तिला थोपटलं, बाबांनी "डॉक्टर म्हणाले डावीकडे गॅस आहे" एवढं सांगून सुटकेचा श्वास टाकला, आणि मीही. आईला सांगतेय म्हणजे सरळच बोलली असणार ना! बाबांनी मला डोळ्यांनीच खूण केली, बघ, उगाच घाबरलो.

सकाळी पोट लाकडासारखं कडक आणि अंग भट्टी. आईनं चपला न घालताच तिला रस्त्यावर नेलं आणि पहिली गाडी थांबवली.

मोठ्या हॉस्पिटलात कापलं, धुतलं, नळ्या घातल्या. शनिवारी दुपारी ती शुद्धीवर होती. पलंगाच्या एका बाजूला आई, एका बाजूला बाबा, पायाशी मी. सिस्टरनं सुई बदलता बदलता सहज विचारलं, "दुखतं का राणी?" बारकीनं आईकडे बघितलं. मग बाबांकडे बघितलं. मग पुन्हा आईकडे. आई घरात असली की सरळ, पण घराबाहेर आई आणि बाबा दोघंही असले तर काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सिस्टर म्हणाली, "सोसतंय म्हणजे," आणि औषध न देता पुढच्या पलंगाकडे गेली. मी पायाशी उभी होते. मी बोलले नाही. बाबा बोलले नाहीत.

चार वाजता ती गेली.

मोठे डॉक्टर बाहेर आले आणि आईला म्हणाले, "बाई, गुरुवारी आणली असती तर वाचली असती. उजवीकडे भयंकर दुखलं असणार तिला. सांगितलं नाही तिनं कुणाला?"

आईनं बाबांकडे बघितलं. बाबा फरशीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक वाक्य सापडत नव्हतं. आई भिंतीला पाठ टेकून खाली बसली, माझे दोन्ही दंड धरले, आणि मला आपल्यासमोर उभं केलं. तिच्या हातांना बिस्किटांचा वास येत होता.

"डॉक्टर म्हणाला डावीकडे. कशावरून म्हणाला? ही काय बोलली त्याच्यासमोर?" मी मान फिरवली. "माझ्याकडे बघ. मला एवढंच सांग. ते उलटं बोलायचं तुम्ही बंद केलं होतं ना? माझ्यामागे चालू नव्हतं ना?"

मी वाक्य शोधायला लागले. तुझ्यासमोर कधी... तू सांगितल्यावर आम्ही... बाबा म्हणाले होते की... कुठलंच बसेना. प्रश्न सरळ होता. हो किंवा नाही. त्यात लपायला बोटभर जागा नव्हती. बाबांनी मान वर केली होती. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी केविलवाणी भीती होती की मला त्यांची किळस आली.

"नव्हतं, आई," मी म्हटलं. "केव्हाच बंद झालं ते."

आईनं एकदाही पुन्हा विचारलं नाही. बाबांकडे वळून त्यांना विचारलं नाही. तिचा चेहरा हळूहळू सैल पडला, आणि त्या सैल पडण्यात एक प्रकारचं समाधान होतं, ते मी बघितलं. म्हणजे कुणाचा दोष नव्हता. म्हणजे नशीब. म्हणजे घरी जाऊन या माणसाबरोबर राहता येण्यासारखं होतं, माझ्याबरोबर राहता येण्यासारखं होतं.

"मग तीच माझी बावळी," आई म्हणाली, "तिलाच नीट सांगता आलं नाही." आणि तिनं मला पोटाशी ओढून घेतलं, घट्ट, जीव गुदमरेपर्यंत, आणि माझ्या केसांत तोंड खुपसून रडायला लागली.